म्हातारीचं मनगट

डोंगरापलीकडच्या एका गावात झाडपाल्याची औषधं देणारी एक म्हातारी राहत होती. खाज, पुरळ, गळू, काही असो, लोक तिच्याच दारी येत. तिचा एक नेम होता. पाल्याचा रस काढला की आधी स्वतःच्या मनगटावर चोळायचा, थोडं थांबायचं आणि झोंबला नाही तरच रोग्याला लावायचा. "मला सोसलं, म्हणजे तुलाही सोसेल," असं ती म्हणे. आता अशा माणसावर शंका कोण घेणार?

एकदा एक तरुण आई तान्ह्या लेकराला घेऊन धावत आली. बाळाची पाठ लाललाल सुजली होती, पुरळ मानेपर्यंत चढलं होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

म्हातारीनं कडुलिंबाचा पाला वाटला, रस पिळला, मनगटावर चोळला. "बघ, काही होत नाही. दे बाळ इकडे."

आईनं बाळ पुढे केलं, आणि तेवढ्यात तिची नजर त्या मनगटावर गेली. वर्षानुवर्षं रस चोळून तिथली कातडी जुन्या वहाणेसारखी राठ झाली होती. तिनं बाळ पुन्हा छातीशी घेतलं.

"आजी, रागावू नका. आधी माझ्या दंडाला लावून बघा ना."

म्हातारीच्या नाकावर राग तयारच असायचा. "तुझ्या वयाहून जास्त वर्षं मी औषध देतेय गं!" ओसरीवरच्या बायकाही आईवरच तुटून पडल्या. "लेकरू तळमळतंय, आणि हिला परीक्षा सुचतेय!"

आईला रडू फुटलं. उशीर झाला आणि बाळाला काही झालं तर? घाई केली आणि काही झालं तर? तिला काहीच कळेना. पण पुढे केलेला दंड तिनं मागे घेतला नाही.

"होऊ दे तुझ्या मनासारखं," म्हणत म्हातारीनं रस चोळला.

सगळ्या बघत बसल्या. बाळ कण्हत होतं. आधी काहीच झालं नाही, तशा बायका हसल्या. मग खाज सुटली, मग आग होऊ लागली, आणि बघता बघता दंडावर लाल चट्टा उठला.

म्हातारीनं आपल्या मनगटाला कचकन चिमटा काढला. तो तिला जाणवलाच नाही.

तिनं रस ओतून दिला. चारच पानं भरपूर पाण्यात उकळली, पाणी निववलं, आईच्या दुसऱ्या दंडाला लावून पाहिलं आणि मगच मऊ फडक्यानं बाळाची पाठ टिपली. आजार मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. तरी संध्याकाळपर्यंत सूज थोडी उतरली आणि बाळाचा डोळा लागला.

तेव्हा बायकांमधली एकजण हळूच म्हणाली, "आजी, तुमचा रस लावल्यावर माझी पोर अशीच किंचाळली होती. तुम्ही म्हणालात, उष्णता बाहेर पडतेय."

म्हातारीनं तिचा हात धरला.

तात्पर्य: आपल्याला दुखलं नाही, हा दुसऱ्याला दुखत नसल्याचा पुरावा नव्हे.