मडक्यातला ताप

"खाडीकडचा ताप बरा करायचा, तर खाडीकडे येऊन बघायला नको का, महाराज?" येसूने भर दरबारात विचारलं, आणि माणिकसेन राजाच्या भुवया वर चढल्या.

येसू मिठागरात राबणाऱ्या बापाची लेक. तिच्या गावात दर वर्षी हिवताप यायचा आणि यंदा तिची आईच अंथरुणाला खिळली होती. नवी औषधं शोधायला राजा दर वर्षी मोहरांची भली मोठी थैली काढायचा. पण ती राजधानीतल्या वैद्यशाळेत जायची आणि तिथेच जिरायची.

"शहाणी माणसं इथे, म्हणून पैसाही इथेच!" राजा म्हणाला.

"आणि ताप तिकडे!"

"मग ताप इकडे आण! पण एकही आजारी माणूस वेशीच्या आत येता कामा नये. आणलास, तर यंदाची थैली तुझ्या गावाला. नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

राजवैद्य पोट धरधरून हसले. येसूला मात्र एकच प्रश्न पडला. आईला काय सांगायचं? ती जड पावलांनी वेशीबाहेर आली, आणि समोर शेंगांनी लगडलेलं वालाचं शेत पाहून गालातल्या गालात हसली.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेलं मडकं घेऊन दरबारात हजर! मडक्याच्या तोंडात हिरवा पाला गच्च कोंबलेला, आणि त्यातून उग्र वासाची वाफ येत होती.

"आणला, महाराज! वैद्यबुवा, हात लावून बघा."

राजवैद्यांनी ऐटीत दोन बोटं टेकवली आणि किंचाळले, "अगं आई गं! नुसता फणफणलाय!"

"तोंड उघडू का?" येसूने पाल्याला हात घातला.

झालं! कुणाची पगडी राहिली, कुणाचा जोडा, पण वैद्यमंडळी दाराबाहेर! उरला तो एकटा नारोपंत नावाचा तरुण वैद्य. तो मडक्याजवळ उकिडवा बसला होता.

"बाई, हा पाला कुठला? आणि ताप गावात आधी कुणाला येतो? मिठागरातल्या माणसांना की घरातल्या?"

येसूने परात मागवून मडकं तीत उपडं केलं. आतून वालाच्या वाफाळत्या शेंगा घरंगळल्या!

"ही तर पोपटी! थंडीत आम्ही भांबुर्डीचा पाला घालून, मडकं शेतात उपडं ठेवून भोवती जाळ करतो. घ्या, खा."

"म्हणजे ताप आणलाच नाहीस!" राजा गरजला. "हरलीस तू!"

"नाही आणला, महाराज. पण आणला असता, तर त्याला बघायला थांबलं कोण असतं? तुमची वैद्यशाळा तर एव्हाना वेशीपार गेली!"

"मी नाही पळालो!" राजा फणकारला.

"छे, तुम्ही कशाला पळाल? तुम्ही तर वर चढलात!"

राजाने खाली पाहिलं. तो सिंहासनावर चक्क उभा होता, दोन्ही हातांनी धोतर सावरून! मग तो असा हसला, की मुकुट नाकावर आला.

"घेऊन जा थैली!"

"नुसती थैली नको, महाराज. प्रश्न विचारणारा हा वैद्यही द्या. आई वाट बघतेय."

"दिला! राजरथातून जा दोघं! पण त्या पळालेल्यांचं काय करू?"

"त्यांना मूठ मूठ शेंगा पाठवा," येसू मडकं उचलत म्हणाली, "आणि सांगा, ताप उतरलाय, आता तपासायला या!"