पहिल्या भवानीचा वसा

ऐका बायांनो. हातात तांदूळ घ्या, मोबाईल पालथे घाला. सांगते ती कहाणी अक्षरन् अक्षर खरी, या समईची शपथ. माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे मी तेव्हा तिथं नव्हते. पण जिनं मला सांगितली तीही नव्हती, म्हणून आमच्या सांगण्यात काडीचा फरक नाही.

एका नदीच्या दोन काठांना दोन नगरं होती. अलीकडचं आटपाट, पलीकडचं चटपट. चटपट नगरात सगळे कार्डानं पैसे देत. कार्ड टेकवावं, मान लववावी, चालू लागावं. कुणाच्या बटव्यात किती ते दिसू नये, मागच्याचा खोळंबा होऊ नये, ही तिथली माणुसकी. आटपाट नगरात सगळं रोखीनं. पैसे हातात द्यावेत, सुटे घेता घेता लेकीबाळींची चौकशी करावी, आणि दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाली की दुकानदारानं ते पैसे कपाळाला लावावेत, ही इथली माणुसकी.

चटपट नगरची हेमांगी आटपाट नगरात द्वारकाबाईंची सून होऊन आली. नवरा निरंजन सूतगिरणीत होता, ती गिरणी बंद पडली. चूल कशीबशी पेटू लागली. मग हेमांगीनं माहेरच्या पाटल्या मोडल्या, पेठेत लाडवांचं दुकान घातलं. हात सुगरणीचा, बेसन भाजू लागली की वास वेशीपर्यंत जाई. पण दारावर पाटी लावली, "रोख चालणार नाही, फक्त कार्ड."

सासू म्हणाली, "अगं, लक्ष्मीला दारातून हाकलतेस?"

"आई, चारचौघांत माणसाला चिल्लर शोधायला लावायची? आमच्याकडे याला असभ्यपणा म्हणतात."

"आमच्याकडे तुझ्या त्या पाटीला म्हणतात!"

मग काय झालं? पहिली आली वेणूआत्या फुलवाली. पदराची गाठ सोडली, नातीसाठी लाडू मागितला. हेमांगी म्हणाली, "रोख घेत नाही, आत्या." आत्यानं गाठ पुन्हा बांधली, गेली. दुसरी आली शेवंता, खुरपणीची मजुरी मुठीत घेऊन. "ताई, माझे पैसे खोटे हायेत का?" "तसं नाही गं, पण कार्ड नाही का?" शेवंतानं मूठ मिटली, गेली. तिसरी आली एक म्हातारी. कपाळी मळवट, तळहातावर एकच नाणं. "पोरी, भवानी करायला आलेय. हात पुढं कर." हेमांगीला दया आली. म्हणाली, "आजी, लाडू तसाच न्या, फुकट." म्हातारी कडाडली, "मी भिकारीण दिसले का? द्यायला आले होते, मागायला नाही!" आणि गेली.

मग पेठेनं दुकानाकडे पाठ फिरवली. लाडू खवट झाले, तुपाला मुंग्या लागल्या. गाळ्याचा मालक म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो, मग गाळा रिकामा करा." निरंजन म्हणाला, "तू माहेरी जा. मी परगावी काम शोधतो." संसार दोन वाटांना लागायची वेळ आली.

हेमांगी घाटावर जाऊन रडू लागली. तिथं तीच म्हातारी. "बाई, का रडतेस?"

"आजी, दुकान जातंय, घर मोडतंय. मी कुणाचं वाईट केलं? माणसाला उघडं पाडू नये, हेच शिकले होते."

"ते चांगलंच शिकलीस. पण इथल्या बायांना झाकायचं नव्हतं, द्यायचं होतं. वसा सांगते, घेशील?"

"घेईन."

"सकाळी उंबऱ्याला हळदकुंकू वाहावं. पहिल्या गिऱ्हाइकाला नावानं हाक मारावी. ते देईल ते दोन्ही हातांनी घ्यावं, कपाळाला लावावं. नोट असो, नाणं असो, कार्ड असो. मग सुखदुःखाचे दोन शब्द बोलावेत. दुसऱ्या गावच्या रीतीला नावं ठेवू नयेत."

"आणि उद्यापन?"

"सासूला गल्ल्यावर बसवावं."

"अगं बाई," हेमांगी म्हणाली, "व्रत कडक आहे!"

म्हातारी हसली, दिसेनाशी झाली. तेव्हा कळलं, ही साक्षात भवानीमाय.

मग हेमांगीनं पाटी उतरवली. वेणूआत्याकडे गेली. आत्या म्हणाली, "आता पैसे चालतील, की धुऊन आणू?" "चालतील, आत्या. चुकलंच माझं." दुसऱ्या दिवशी आत्या आली. नाणं पदराच्या गाठीत राहून कोमट झालेलं होतं. हेमांगीनं ते कपाळाला लावलं, नातीची चौकशी केली. मग शेवंता आली, मग शेवंताच्या सोबतिणी आल्या, मग पेठ आली.

मग उद्यापन मांडलं. द्वारकाबाई गल्ल्यावर बसल्या. पहिलंच गिऱ्हाईक पलीकडच्या काठाची बाई, हातात कार्ड, जवळ रोख नाही. सासूबाई फणकारल्या, "हे पत्त्याचं पान तुमच्या गावी चालवा. इथं नाही चालायचं." बाईचा चेहरा उतरला. तिनं लाडवांचा पुडा खाली ठेवला, वळली. त्यासरशी परातीतले लाडू दगड झाले! हेमांगी ओरडली, "आई, वसा मोडला!"

द्वारकाबाई अनवाणी धावल्या. बाईचा एक पाय नावेत, एक घाटावर. "बाई, परत चला. तुम्ही देत होता, मी घेतलं नाही." हाताला धरून आणलं. कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. कार्डाच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, कार्ड टेकवलं. मशीन बोललं, "पैसे मिळाले." सासूबाई म्हणाल्या, "मिळाले ना? मग पेठेला कशाला ओरडून सांगतंस?" मग वळून विचारलं, "नाव काय तुमचं? माहेर कुठलं?"

बाई थबकली. म्हणाली, "मी सुमेधा. आजवर दुकानात कुणी विचारलं नव्हतं." मग बसली, चहा प्याली, लेकीच्या लग्नाचे सगळे लाडू इथंच सांगून गेली. दगडांचे पुन्हा लाडू झाले. गाळा राहिला, माहेरी धाडायची गोष्ट निघेना, निरंजन बेसन चाळू लागला.

जशी माय हेमांगीला पावली, द्वारकाबाईंना उमगली, तशी तुम्हाआम्हाला पावो. दोन काठांची कहाणी एका ओंजळीत मावली, सुफळ झाली, भरून पावली.

आता तांदूळ वाहा. शपथ घेतलीय म्हणून सांगते, लाडवांचे दगड झाले ते मी रचलं. सासू सुनेच्या गिऱ्हाइकामागं अनवाणी धावली, ते मात्र खरं.