पदरमोड करून घेतलेली पाटी

एकदा एक शिष्य एका पाटीवर जळू लागला. माणूस माणसावर जळतो, शेजारी शेजाऱ्यावर जळतो, साडू साडूवर तर शास्त्रानेच जळतो. त्यात सांगण्यासारखे काही नाही. परंतु दोन पंजांएवढ्या एका निर्जीव काळ्या वस्तूवर, वयाची पन्नाशी उलटलेला, दोन्ही मुली उजवून मोकळा झालेला गृहस्थ जळावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

त्या शिष्याचे नाव दिगंबर. गावात त्याचे औषधांचे दुकान होते. डॉक्टरांचे अक्षर वाचण्यात हयात गेल्यामुळे छापील अक्षर त्याला पक्वान्नासारखे वाटे. त्याचे गुरुजी म्हणजे त्याच्या शाळेतलेच वृद्ध शिक्षक. ग्रंथ हाच त्यांचा संसार. परंतु म्हातारपणी त्यांचा एक डोळा कायमचा निवृत्त झाला होता आणि दुसरा अर्धपगारी रजेवर होता. म्हणून रोज संध्याकाळी दिगंबर दुकान बायकोवर सोपवून गुरुजींकडे जाई. गुरुजी आरामखुर्चीत डोळे मिटून पडत आणि दिगंबर समोरच्या स्टुलावर बसून खड्या आवाजात वाचून दाखवी. इतिहास, प्रवासवर्णने, चरित्रे. आणि तोंडी लावायला एखादी रहस्यकथा, कारण गुरुजी विद्वान असले तरी माणूस होते.

गावात लोक दिगंबरला ‘गुरुजींचे डोळे’ म्हणत. असे कोणी म्हटले की तो ‘छे हो’ म्हणे, आणि ते वाक्य पुन्हा ऐकू यावे म्हणून क्षणभर थांबे.

अशात अच्युत नावाचा गुरुजींचा दुसरा जुना विद्यार्थी बँकेतून निवृत्त होऊन गावी परतला. येताना त्याने टॅबलेट आणला. पहिल्याच भेटीत त्याने तो गुरुजींच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “गुरुजी, दोन बोटं काचेवर टेकवा आणि अशी लांब न्या.”

गुरुजींनी बोटे लांबवली. अक्षरे फुगू लागली. फुगता फुगता सुपारीएवढी झाली. गुरुजींनी मान पुढे केली, ओठ हलवले आणि एक अख्खे वाक्य स्वतः वाचले. मग एकदम लहान मुलासारखे हसून ते म्हणाले, “दिगू, अरे, ही पाटी बघ! मला वाचता येतंय!”

“वा,” दिगंबर म्हणाला. इतक्या लहान शब्दात इतका मोठा तिरस्कार क्वचितच कोणी बसवला असेल.

त्या दिवसापासून अच्युत टॅबलेट तिथेच ठेवून जाऊ लागला. दिगंबर संध्याकाळी घसा साफ करून येई, तर गुरुजी आधीच पाटीत तोंड घालून बसलेले. “बस हं, एवढं प्रकरण संपवतो,” असे ते म्हणत; आणि प्रकरणाला प्रकरण लागून येई. एके दिवशी तर कहर झाला. गुरुजींनी मान वर करून विचारले,

“दिगू, या रहस्यकथेत ती पाटलाची सून फौजदाराला आमराईत भेटते.”

“हो गुरुजी.”

“ते पान फाटलंय असं तू मला सांगितलं होतंस.”

“फाटलं होतं... म्हणजे, तेव्हा.”

“यात बरं शाबूत राहिलंय!”

अच्युत खो खो हसला. दिगंबर हसला नाही. त्या रात्री तो जेवलाही नाही.

मत्सर हा मोठा अभ्यासू विकार आहे. प्रेमाने माणूस जेवढा अभ्यास करीत नाही, तेवढा तो मत्सराने करतो. दिगंबरने टॅबलेटविषयी मिळेल ते वाचून काढले. कोणत्या पडद्याने डोळे चुरचुरतात, कोणती बॅटरी ऐन रंगात मान टाकते, कोणत्यात आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा येतो, सारे त्याला मुखोद्गत झाले. उद्देश एवढाच की गुरुजींसमोर अच्युतच्या टॅबलेटचे दोष सांगता यावेत. झाले भलतेच. त्याचे ज्ञान पाहून लोक औषध घ्यायला येत आणि “नातवासाठी कुठला घेऊ?” असे विचारून जात. वैऱ्याच्या बदनामीसाठी निघालेला माणूस असा वैऱ्याचा मानद प्रचारक होऊन बसला.

बायको म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली, मला सवत आणली नाहीत हे खरं. पण तुम्हाला मात्र मिळाली हो.”

“कसली सवत?”

“तीच. काळी, चपटी. झोपेतसुद्धा तिची निंदा चालते तुमची.”

पुढे अच्युतचे मुलाकडे बेंगळुरूला जायचे ठरले. मुक्काम काही महिन्यांचा. टॅबलेट अर्थातच त्याच्याबरोबर जाणार. हे ऐकून दिगंबरच्या मनात गुढ्या उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी त्याने जाताना एक नवे कोरे प्रवासवर्णन बरोबर नेले.

गुरुजींनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केले आणि बाजूला ठेवले. “दिगू, मी म्हणतो, माझी स्वतःची एक पाटी घ्यावी. महाग नको. रोजचं वाचन आणि दुपारी दोन नाट्यपदं ऐकायची, एवढ्यापुरती. पेन्शनीतून शिल्लक टाकलीय, त्यात बसेल अशी. तू निवडून आण.”

“मी?” दिगंबर म्हणाला. “अच्युतला सांगा की. त्याला त्यातलं जास्त कळतं.”

“कळत असेल. पण निवडायची तूच.”

“पण गुरुजी, मीच का?”

“आधी आण. मग सांगतो.”

सवतीसाठी लुगडे निवडून आणायला सांगावे, तसलाच हा प्रकार. वाटेत दिगंबरने पुष्कळ विचार केला, परंतु गुरुजींच्या हट्टाचा अर्थ त्याला लागेना. दुसराच अर्थ मात्र स्वच्छ दिसत होता. चांगली पाटी निवडली तर अच्युत गेला तरी पाटी राहणार, आणि आपला घसा कायमचा पेन्शनीत निघणार. वाईट निवडली तर गुरुजी आठ दिवसांत कंटाळतील आणि म्हणतील, ‘दिगू, तूच वाच बाबा.’

दुकानदार पोपटशेठने पहिलाच जो टॅबलेट पुढे ठेवला तो हातात घेताच दिगंबरचे काळीज खचले. वजनाला हलका. पडदा मंद, कागदासारखा, न चमकणारा. आवाज गोड. किंमत गुरुजींच्या शिलकीत आरामात बसणारी. इतके दिवस केलेला अभ्यास ओरडून सांगत होता की हाच.

“याच्यात काय वाईट आहे?” त्याने विचारले.

पोपटशेठच्या उभ्या आयुष्यात कोणी असे विचारले नव्हते. “वाईट? साहेब, काही नाही. वाचायला फस्क्लास. गाणी, पिच्चर, सगळं चालतं. फार भारी खेळ तेवढे नाय चालणार.”

“मग वरच्यातला दाखवा.”

पोपटशेठने आनंदाने मोठे खोके काढले. हा टॅबलेट पाट्यासारखा जड होता आणि त्याची काच आरशासारखी लखलखत होती. “हा एकदम टॉप! खेळ खेळा, चित्रं काढा...”

“हाच द्या.”

“कोणासाठी हवाय?”

“आमच्या गुरुजींसाठी. ऐंशी उलटलीय.”

“ते चित्रं काढतात?”

“काढतील,” दिगंबर म्हणाला.

किंमत गुरुजींच्या शिलकीच्या बाहेर गेली, तेव्हा उरलेले पैसे दिगंबरने आपल्या खिशातून भरले. येथे वाचकाने किंचित थांबावे. दुसऱ्याचे नुकसान करायला माणसे दुसऱ्याचे पैसे वापरतात, हा सर्वत्र रूढ व्यवहार. पदरमोड करून मत्सर करणारा गृहस्थ विरळा. परंतु त्यात एक सोय असते. पावती पाहून कोणीही म्हणते, केवढे हे मन! घरी बायकोही तेच म्हणाली. खुद्द दिगंबरलाही झोपी जाईपर्यंत ते जवळजवळ पटले होते.

गुरुजींनी पाटी दोन्ही हातांनी उचलली, तिचे वजन जोखले आणि म्हणाले, “चांगली भारी दिसते. काही दिवस सराव करतो. तोवर येऊ नकोस. मी बोलावीन.”

दिगंबर वाट पाहू लागला. गल्ल्यावर बसून तो मनातल्या मनात गुरुजींची तक्रार ऐकत असे आणि तिला नम्र उत्तर देत असे. शेवटी एका दुपारी निरोप आला, ‘संध्याकाळी ये.’ त्याने खडीसाखर तोंडात टाकली, चष्मा पुसला आणि त्याच प्रवासवर्णनाचे आणखी दोन भाग काखेत मारून निघाला.

खोलीत गुरुजी स्टुलावर बसले होते. आरामखुर्ची रिकामी होती.

“तिथे बस,” गुरुजी खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले.

“तुमच्या जागेवर?”

“बस म्हणतो ना. पाय लांब कर. डोळे मीट.”

दिगंबर अंग चोरून बसला. गुरुजींनी पाटी मांडीवर टेकवली, घसा खाकरला आणि वाचू लागले. पहिले वाक्य झाले. दुसऱ्या वाक्यात पाटी घसरली. ती सावरताना कापरे बोट काचेवर आपटले आणि भलतेच पान उघडले. गुरुजींनी पान शोधले. मग संध्याकाळचे ऊन काचेवर आले. त्यांनी पाटी इकडे कलती केली, तिकडे कलती केली, शेवटी छातीशी उचलून धरली. मनगट थरथरू लागले.

“अक्षरांच्या जागी मला खिडकी दिसते,” ते हसून म्हणाले, “आणि खिडकीत मी. ऐंशीनंतर हा मजकूर कोणी वाचू नये.”

दिगंबर उठला. “गुरुजी, द्या इकडे. मी वाचतो.” इतके दिवस योजलेले वाक्य तोंडातून गेले खरे, परंतु त्याला योजलेली चव नव्हती.

“नाही. तू ऐक.” गुरुजींनी पाटी खाली ठेवली आणि मनगट चोळले. “मीच का, असं विचारलं होतंस ना? दिगू, वाचून दाखवणारा कधी ऐकत नाही. त्याचा जीव पुढच्या ओळीत असतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, ऐकणारा पेंगला की काय, यात तो गुंतलेला. इतकी वर्षं तू मला एवढे ग्रंथ ऐकवलेस आणि स्वतः त्यांतला एकही ऐकला नाहीस. अच्युतच्या पाटीवर मला अक्षर दिसलं, तेव्हा पहिला विचार हाच आला, की हा डोळाही कायमचा निवृत्त होण्याआधी एक पुस्तक दिगूला वाचून दाखवावं. रोज त्या पाटीत डोकं घालून बसत होतो तो सरावच होता रे. म्हणून म्हटलं, तूच निवड. ज्याच्यासाठी वाचायचं, त्याच्या पसंतीची असावी.”

गुरुजींनी पाटीवर हात ठेवला.

“हिचं वजन मला झेपत नाही. पण तू विचार करूनच घेतली असशील.”

“हो गुरुजी,” दिगंबर म्हणाला. “विचार करूनच घेतली होती.”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले. त्या अर्ध्या डोळ्याला किती दिसले ते गुरुजींनी कधी सांगितले नाही.

“उद्या बदलून आणतो,” दिगंबर म्हणाला.

“का? वाईट आहे?”

“चांगली आहे. मी वाईट निवडली.”

दुसऱ्या दिवशी पोपटशेठ कुरकुरला. खोके उघडलेले, माल वापरलेला. थोडी घट धरावी लागेल. दिगंबर म्हणाला, “धरा, शेठ.” मत्सर मोडीत काढायला गेले की घट धरतातच, आणि ती वाजवी असते.

मग त्याने तो पहिला, हलका टॅबलेट मागून घेतला. दोष विचारले नाहीत. दुकानातल्या स्टुलावर तो पाठ वाकवून बसला. टॅबलेट मांडीवर टेकवून पाहिला, छातीशी धरून पाहिला, दारातल्या उन्हात नेऊन पाहिला. अक्षर सुपारीएवढे केले. नंतर त्याने आपला धडधाकट उजवा हात मुद्दाम कापवला आणि कापत्या बोटाने पान उलटले. एकच पान उलटले. पुन्हा उलटले, पुन्हा एकच.

पोपटशेठ बघतच राहिला. “साहेब, हाताला काय झालं?”

“माझ्या नाही,” दिगंबर म्हणाला. “हाच द्या.”

संध्याकाळी गुरुजी स्टुलावर बसले आणि दिगंबर आरामखुर्चीत. या वेळी त्याने पाय लांब केले. पाटीवर तेच प्रवासवर्णन सुरू झाले. हे पुस्तक त्याने आदल्या आठवड्यात, वाचून दाखवायच्या तयारीने, दोनदा चाळले होते. तरी त्यातली नदी त्याला आजच दिसली. गुरुजींचे वाचन संथ होते. पहिल्या पानाच्या शेवटी एका अवघड गावाच्या नावाशी ते अडखळले. एकदा प्रयत्न केला, नाव तुटले. पाटी जरा जवळ घेऊन त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून धरले.

नाव दिगंबरच्या जिभेवर आले होते. त्याने तोंड मिटून घेतले आणि गुरुजी तिथे पोहोचण्याची वाट पाहत राहिला.