ताईंनी लिहून घेतलं

“पण टिपणावर माझं नाव का नाही?”

मंदारने हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि आम्ही तिघं आमदार निवासासमोरच्या टपरीवर उभे होतो.

इंदुताई बशीत चहा ओतत होत्या.

“संस्थेचं आहे की,” त्या म्हणाल्या. “तळाशी. बारीक अक्षरात.”

“चार महिने मी फिरलो, ताई. पावसाचिखलात. बासष्ट उपकेंद्रं.”

“हो.”

“मग?”

“चहा निवतोय तुझा.”

आमची संस्था लहान. वीज आणि हवामान यांच्याबद्दल विधिमंडळात जे येणार असेल त्याचा अभ्यास करायचा, तो एका कागदावर सोप्या मराठीत उतरवायचा आणि आमदारांच्या हातात द्यायचा. सत्ताधारी असो की विरोधक, कागद तोच आणि शब्दही तेच. ही शिस्त इंदुताई वैरागड्यांची. वीज मंडळात तीस वर्षं अभियंता म्हणून काढल्यावर त्यांनी ही संस्था सुरू केली. मी कागद छापतो आणि जिने चढून वाटतो. अशा कामात माणूस फार ऐकतो आणि कमी बोलतो.

मंदार साठये परदेशातून डॉक्टरेट घेऊन आमच्याकडे आला होता. हुशार होता, यात वाद नाही. आपण हुशार आहोत हे त्याला दिवसातून जरा जास्त वेळा आठवायचं, एवढंच.

या वेळचा विषय मात्र खरोखर त्याने शोधलेला होता. खेड्यांतल्या आरोग्य उपकेंद्रांच्या छपरांवर सरकारने सौर पॅनेल बसवली. लोकांना वाटलं, आता लाइट गेली तरी दवाखाना चालेल. पण बॅटरी नसेल तर लाइन गेल्याबरोबर ही पॅनेलंही बंद होतात. डोक्यावर ऊन आणि आत अंधार. लसींचा फ्रिज बंद, बाळंतपण मोबाइलच्या उजेडात. त्याच योजनेचा पुढचा टप्पा, आणखी चारशे उपकेंद्रांचा, या अधिवेशनात मंजूर व्हायचा होता. त्यातही बॅटरी नव्हती. आज कोणी बोललं नाही तर पुढची कित्येक वर्षं तसंच चालणार होतं, आणि उन्हाळे काही आपल्यासाठी थांबत नाहीत.

बोलणार होते आमदार तुळशीराम कोवे. जंगलपट्टीतला मतदारसंघ, तिसरी खेप. मंदारने पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या गावी जाऊन टिपण हातात दिलं होतं.

“एकच सांगतो,” चहा संपवून मंदार म्हणाला. “भाषणात त्यांनी आपला उल्लेख करायला हवा. मी तसं आज त्यांना सांगणार आहे.”

ताईंनी बशी खाली ठेवली आणि पिशवी उचलली.

कोवेसाहेबांच्या खोलीत सकाळी आठलाच जत्रा होती. बदलीचे अर्ज, रस्त्यांचे अर्ज, एका म्हातारीच्या हातात नुसतंच रेशनकार्ड. साहेब कुडत्याची बटणं लावत बाहेर आले. ताईंना पाहून त्यांनी हात जोडले आणि मंदारकडे बघून म्हणाले, “हे साहेब कोन व्हय?”

मंदारचा चेहरा उतरला. मला आतून हसू आलं, खोटं कशाला बोलू?

“आमच्याबरोबर काम करतो,” ताई म्हणाल्या.

“बसा बसा. बरं झालं आले. आज मी बोलनार हाव सभागृहात. तुमाले मालूम हाय का ताई, ते दवाखान्यावरचे सोलर असते ना… लाइन गेली का तेबी बंद पडते.”

“असं?” ताई म्हणाल्या.

मंदारने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“त काय. मुकादम घरी गेला का मजूरबी घमेलं खाली ठेवते, तसं हाय ते. सूर्य डोक्यावर, अन् पॅनल म्हन्ते मी नाही काम करत.”

“साहेब,” मंदार पुढे सरकला, “हे तर आम्हीच तुम्हाला…”

ताईंनी पिशवीतून वही काढली आणि पेनाचं टोपण उघडलं. त्या कोवेसाहेबांचं बोलणं लिहून घेऊ लागल्या.

मंदारचं वाक्य अर्धंच राहिलं. ज्या विषयात ताईंची हयात गेली, तो विषय त्या पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्यासारख्या उतरवून घेत होत्या. आणि ते नाटक नव्हतं. मी त्यांच्याबरोबर बारा वर्षं आहे, मला कळतं.

“मुकादम… मजूर… हं. पुढे?”

“म्या सोता जाऊन पाह्यलं,” साहेब रंगात आले. “मागच्या सोमवारी. कोनाले सांगतलं नाही. दवाखान्यात गेलो अन् मेन स्विच पाडला. फ्रिज बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा पाडला. तीनदा. सिस्टर म्हने, साहेब, येडे झाले का तुमी?”

खोलीतले लोक हसले. मंदार हसला नाही. पण आता तो ऐकत होता.

“मग बॅटरी लावायला हवी,” तो म्हणाला. “प्रत्येक केंद्रात. तेच टिप… तेच माझंही मत आहे.”

“बॅटरी कुठं ठेवसान?”

“औषधांच्या खोलीत. मागच्या बाजूला असते ती. मी पाहिली आहे सगळीकडे.”

“कवा गेले व्हते तुमी?”

“जुलै ते ऑक्टोबर.”

“मंग बरोबर हाय,” साहेब शांतपणे म्हणाले. “मे महिन्यात जाऊन उभं राहा त्या खोलीत. वर टिन हाय. सिस्टर सोता तिथं पाय नाही ठेवत, औषधं पुढच्या खोलीत आनून ठेवते. माह्या घरची इन्व्हर्टरची बॅटरी अशीच टिनाखाली ठेवली व्हती. दोन उन्हाळ्यांत फुगली. मिस्त्री म्हने, साहेब, हे शिजली.”

मंदारचा हात पिशवीतल्या तक्त्यांकडे गेला.

मंदारच्या टिपणात बासष्ट केंद्रांची वीज होती, पॅनेलं होती, फ्रिजचं तापमानही होतं. त्या खोलीचं तापमान नव्हतं. चारशे बॅटऱ्या मंजूर झाल्या असत्या आणि दोन उन्हाळ्यांत शिजल्या असत्या. मग सगळ्यांनी म्हटलं असतं, बॅटरीच वाईट.

“म्हनून मी म्हनतो,” साहेबांनी बोट वर केलं, “पयले सावली, मंग बॅटरी.”

ताईंनी ते लिहिलं. खाली एक रेघ ओढली. मग वही त्यांच्यापुढे धरली.

“बरोबर उतरलंय का, साहेब?”

कोवेसाहेबांनी चष्मा लावून स्वतःचंच बोलणं वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

“हे पान मले देता का, ताई?”

ताईंनी पान फाडून दिलं.

जिना उतरताना मंदारने कठड्याला हात टेकला.

“आयत्या बिळावर नागोबा म्हणणार होतो मी त्यांना.”

“मग?”

“बीळ त्यांनी आणखी खोल खणलंय.”

ताई हसल्या नाहीत. गुडघा दुखत होता, म्हणून एकेक पायरी बघून उतरत होत्या.

दुपारी आम्ही प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो. तिथे बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. आत जाताना वही आणि पेनही बाहेर काढून ठेवावं लागतं.

कोवेसाहेब उठले. मुकादम आला, मजूर आला, तीनदा पाडलेला मेन स्विच आला. सभागृह हसलं, मग ऐकू लागलं. “पयले सावली, मंग बॅटरी,” ते म्हणाले, तेव्हा मागची बाकंही वाजली. मग समोरच्या बाजूचे एक तरुण आमदार उठले. आमचा कागद त्यांच्या फायलीत होता, तो मी स्वतः त्यांच्या खोलीवर दिला होता. ते म्हणाले, माझ्या भागातही हेच आहे, या मागणीला आमचा पाठिंबा. एरवी हे दोघे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

मंत्र्यांनी मागे बसलेल्या सचिवांकडे पाहिलं. चिठ्ठी आली. पुढच्या टप्प्यात बॅटरी आणि तिच्यासाठी थंड खोली, दोन्ही धरू, असं ते म्हणाले.

माझे हात टाळीसाठी शिवशिवत होते. मंदारने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

बाहेर आवारात पत्रकारांनी कोवेसाहेबांना घेरलं.

“साहेब, हा मुद्दा तुम्हाला दिला कुणी?”

“देनार कोन? लोकायत फिरलं का समजते.”

मंदार दोन हात अंतरावर उभा होता. एका पत्रकाराचं त्याच्या गळ्यातल्या पासकडे लक्ष गेलं. “तुम्ही तज्ज्ञ आहात का? या विषयावर काही सांगाल?”

मंदारच्या पिशवीत बासष्ट केंद्रांचे तक्ते होते, आणि सकाळपासून तो याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्याने एक शब्द काढला असता तर उद्या छापून आलं असतं की कोव्यांचं भाषण संस्थेने लिहून दिलं. मग समोरच्या बाजूने पाठिंबा काढून घेतला असता, आणि साहेबांनी पुन्हा कधी मेन स्विच पाडला नसता.

मंदारने कोवेसाहेबांकडे पाहिलं.

“त्यांनाच विचारा,” तो म्हणाला. “मी ऐकायला आलो होतो.”

पत्रकार निघून गेला.

मला त्या पोराचा फार अभिमान वाटला. त्याला तसं सांगायला हवं होतं, पण जमलं नाही.

आम्ही फाटकाबाहेर आलो. मंदार चालता चालता थांबला.

“ताई, ती कल्पना आता त्यांची झाली. फिरले ते, बोलले ते, मान्यही त्यांच्यामुळे झालं.”

“हो.”

“मग आपण काय केलं?”

ताईंनी पदर सावरला. रिक्षा येते का ते पाहिलं…

“आपण? आडवं आलो नाही.”