पिल्लांवरचा मरळ

“आणि निरोप ऐकून तुला काय वाटलं?”

“काहीच नाही, बुवा,” दिगंबर म्हणाला. म्हणाला शांतपणेच, पण ऐकणाऱ्याने मान डोलवावी अशा बेताने.

निरोप आदल्या दिवशीचा होता. दिगंबरची नऊ वर्षांची रेणू चार दिवसांपासून दवाखान्यात होती. ताप उतरत नव्हता. शुद्धीवर आली की ‘पप्पा आले का?’ एवढंच विचारायची. मेहुणा मोटारसायकल दामटत धरणाच्या काठापर्यंत आला, उभ्याउभ्या रडला आणि एकटाच परत गेला.

“पोटात कालवलं न्हाई?”

“नाही.”

“झोप?”

“उत्तम लागली. म्हणून तर म्हणतो, बुवा, आता वेळ आली. मला अनुग्रह द्या.”

सटवाजीबुवा जातीने भोई. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. धरणाच्या फुगवट्याला लागून, सावलीला एक बाभूळही नसलेल्या माळावर त्यांचं खोपट होतं. लोक त्यांना संत म्हणत आणि ते मासे धरत. दोन्हींबद्दल त्यांनी कधी खुलासा केला नव्हता. सात महिन्यांपूर्वी दिगंबर संसार सोडून तहसील कचेरीतून थेट त्यांच्या पायाशी आला होता. थेट म्हणजे, रजा रीतसर मंजूर करून घेऊन.

बुवांनी कोपऱ्यातली बांबूची काठी उचलली.

“चल.”

वैशाखातलं पाणी मैलभर मागे सरलं होतं. तडकलेला गाळ तुडवत दोघं थर्माकोलच्या तराफ्यापाशी आले. सकाळ होती, तरी ऊन पाठीत घुसत होतं. बुवा वल्हवत राहिले. दिगंबर अनुग्रहाची वाट पाहत राहिला…

पाणगवताशी तराफा थांबला. पाण्यावर सुपाएवढा तांबूस चट्टा थरथरत होता.

“काय आहे ते?”

“मरळाची पिल्लं. हवा घ्यायला वर येत्यात. खाली बाप हाय. रातंदिस राखतो.”

बुवांनी गळाला बेडकी लावली आणि चट्ट्यापासून चार हात लांब सोडली. काही झालं नाही. पुन्हा सोडली. पाणी हललं नाही.

“भूक नाही वाटतं त्याला,” दिगंबर म्हणाला.

“राखणीवर असला की खाण्यात ध्यान नसतं त्याचं.”

“मग गळ पिल्लांतच टाकला तर?”

“आमच्यात टाकत न्हाईत.”

“का? लागत नाही?”

“लागतोच.”

“मग टाका की! माणसाने रूढीत अडकू नये, बुवा.”

बुवांनी काठी त्याच्या हातात दिली.

दिगंबरने गळ चट्ट्याच्या मधोमध सोडला. क्षणात पाणी फुटलं. काठी वाकली, तराफा हिंदकळला आणि हातभर लांबीचा काळा मरळ दिगंबरच्या मांडीशी येऊन आपटला. गळ जबड्याच्या कडेला रुतला होता. बेडकी त्याने गिळलीच नव्हती, नुसती ढकलली होती.

“बघा!” दिगंबर धापा टाकत म्हणाला. “हाच तो मोह! भुकेने नाही, मायेने मेला. पिल्लं सोडून तळाला गेला असता तर कुणाचा गळ लागला असता? समजलं, बुवा. मला सगळं समजलं.”

बुवांनी हनुवटीनेच पाण्याकडे खूण केली.

चट्टा एका बाजूने कुरतडल्यासारखा दिसत होता. खालून चिलापी मासे येत होते, दोन, चार, मग मोजता येईनात. पाणी चुटचुट वाजत होतं.

दिगंबर बघत राहिला. मग त्याने हात पाण्यावर आपटला. पुन्हा आपटला. दारातली कोंबडी हाकलावी तसा तो “हुश्! हुश्!” करू लागला. चिलापी पांगत आणि परत येत. चट्टा ताटाएवढा झाला… वाटीएवढा…

“बुवा, सोडा त्याला! लवकर!”

“गळ तू टाकलास. तूच काढ.”

दिगंबरने जबडा दाबून धरला. गळ निघेना. मरळ निसटे, तो पुन्हा धरी, बोटांतून रक्त आलं. शेवटी गळ सुटला आणि त्याने मासा दोन्ही हातांनी पाण्यात सोडला.

पाणी स्वच्छ झालं होतं. कुठे काही तांबूस नव्हतं.

मरळ तळाला गेला नाही. होता तिथेच, वीतभर खोलीवर, गोल फिरू लागला. एक फेरी. दुसरी. तिसरी…

“आता कशाला फिरतोय?” दिगंबरने विचारलं. “आता काय राहिलंय तिथे?”

बुवांनी वल्हं उचललं.

“काहीच न्हाई. आता ह्यो पुरता मोकळा झाला. ह्याला आता कुणाचा गळ लागायचा न्हाई… बोल, देऊ का तुला अनुग्रह?”