दोन दरवाजे, एकच सत्तावीस

“पण सर, मीच का बदलायचं?”

याकूब मास्तरांनी मान वर केली नाही. टेकडीवरच्या दर्ग्याच्या उत्तर दरवाजापाशी, चपलांच्या खणांपुढे ते मांडी घालून बसले होते. हातात पत्र्याचा बिल्ला. पॉलिशपेपरानं त्यावरचा आकडा घासत होते.

पंचवीस वर्षं त्यांनी पॉलिटेक्निकात नेटवर्क शिकवलं होतं. निवृत्त झाले आणि इथे चपला सांभाळायला येऊन बसले. ऋतुजा त्यांची विद्यार्थिनी, वर्गात पहिली आलेली. हे ती स्वतः कुणाला सांगत नसे. फक्त कळेल अशी व्यवस्था करत असे.

“पुन्हा सांग,” मास्तर म्हणाले. “सावकाश.”

सावकाश सांगायला वेळ कुठे होता? अकरा वाजून गेले होते. संध्याकाळी सहाच्या आत तिच्या शहरातल्या हॉस्पिटलचं क्लाउडवरचं नेटवर्क घाटाखालच्या छोट्या हॉस्पिटलच्या नेटवर्कला जोडायचं होतं. तिथले बाळांचे डॉक्टर आजच नोकरी सोडून चालले होते. आणि काचेच्या पेट्यांत तीन बाळं होती. उद्यापासून त्यांच्या श्वासांचे आकडे शहरातल्या डॉक्टरांनी आपल्या जागी बसून बघायचे होते.

“आणि जोडणीच होत नाही,” ती म्हणाली. “क्लाउड सरळ नाही म्हणतं. दोन्हीकडचे पत्ते तेच. माझे दहा-शून्यपासून, उमेशचेही दहा-शून्यपासून. माझ्याकडे सत्तावीस नंबरचं यंत्र, त्याच्याकडेही सत्तावीस. निरोप सत्तावीसला धाडला तर जाणार कुठल्या?”

“कोण उमेश?”

“वाघचौरे. घाटाखालच्या हॉस्पिटलचं नेटवर्क तोच बघतो. आमच्या मागच्या बॅचचा, तुमचाच विद्यार्थी.”

मास्तरांचा हात थांबला.

“दहा-शून्य आणलंत कुठून?”

“फळ्यावरून, सर. उदाहरण म्हणून तुम्ही तेच लिहायचात. मी तेच भरलं. त्यानंही तेच.”

मास्तर पुन्हा बिल्ला घासू लागले.

“माझ्याकडे युक्ती आहे,” ती घाईनं म्हणाली. “मध्ये एक दुभाष्या बसवते. तिकडचा सत्तावीस इकडे वेगळ्या आकड्यानं सांगायचा, इकडचा तिकडे वेगळ्या. कुणालाच हलायला नको.”

“दुभाष्या चुकला तर?”

“नाही चुकणार.”

“पेटीत तुझं बाळ असतं तर?”

गेल्या वर्षी तिची मुलगी नऊ दिवस अशाच पेटीत होती. नऊ दिवस ती काचेबाहेर उभी राहून आकडे वाचत होती. त्यातला एखादा आकडा शेजारच्या पेटीतला आहे, असं कुणी तिला तेव्हा सांगितलं असतं तर...

“मग उमेशनं बदलावं,” ती म्हणाली. “त्याची सहा यंत्रं. माझी चव्वेचाळीस. दोन वर्षांत एकदाही बंद पडली नाहीत! त्याच्या मॉनिटरांमध्ये पत्ता पक्का बसवलाय, बदलायचा तर मॉनिटर थोडा वेळ बंद ठेवावे लागतील म्हणतो. ठेव म्हणावं. आणि माझ्याकडे बदलायचं म्हणजे... सगळ्यांसमोर सांगावं लागेल, की मी डोकं न वापरता फळ्यावरचं उतरवलं होतं.”

“हे शेवटचं आधी सांगायचंस,” मास्तर म्हणाले.

तिचे कान तापले. कुठेतरी बघायचं म्हणून ती बिल्ल्यांकडे बघू लागली. उद्या उरूस. गर्दीसाठी दोन्ही दरवाजांच्या चपला यंदा एकाच मांडवात ठेवायच्या होत्या. उत्तरेकडचे बिल्ले एक ते दोनशे, दक्षिणेकडचेही एक ते दोनशे. मास्तर आपल्याकडच्या एकेका बिल्ल्यावरचा आकडा पुसून त्यावर दोनशेच्या पुढचा रंगवत होते. मागे नव्या खणांची रांग उभी होती.

“हे तुम्ही का करताय? तुमचे बिल्ले जुने. बदलू देत की त्यांना.”

“जा,” मास्तर म्हणाले. “दक्षिण दरवाजाला म्हादबा बसतो. त्याला विचारून ये.”

ती अनवाणीच निघाली. फरशी तापली होती. आपण सात तासांवर आलेलं काम सोडून एका चपलावाल्याकडून दुसऱ्या चपलावाल्याकडे चाललो आहोत, हे तिला चालता चालता जाणवलं.

म्हादबा भिंतीला टेकून बसला होता. एका बाईनं त्याच्या हातावर बिल्ला ठेवला. त्यानं अंगठा फिरवला. पत्र्यावर आकड्याचे खिळ्यानं ठोकलेले उंचवटे होते. मान न वळवता त्याचा हात मागे गेला, नेमक्या खणात शिरला, चपला घेऊन आला.

बाईनं पाय सरकवले आणि निघून गेली. म्हादबा हसऱ्या चेहऱ्यानं समोर बघत राहिला. डोळे पांढरे होते.

“कोण हाय?” त्यानं विचारलं.

“कुणी नाही, बाबा...” ऋतुजा म्हणाली.

विचारायचं होतं ते तिनं विचारलं नाही. परत येताना अंगणाच्या मध्यावर थांबून फोन लावला.

“उमेश, तुझं काहीही हलवू नकोस. मॉनिटरला तर हातच लावू नकोस... अरे ऐक. दहा-दोनशेपासूनच्या पत्त्यांचा नवा पट्टा मी घेते. एकेक यंत्र तिकडे नेते... हो, चव्वेचाळीस. मोजता येतं मला. साहेबांना मीच सांगते. चूक माझी होती हेसुद्धा... तुझीही होतीच रे, पण तुझी सहाच यंत्रांची.”

ती उत्तर दरवाजाशी आली तेव्हा श्वास फुलला होता. हातातला सत्तावीस नंबरचा बिल्ला तिनं पुढे केला.

“निघते, सर. चपला.”

मास्तरांनी सत्तावीस नंबरच्या खणाकडे बोट केलं.

खण रिकामा होता.

“सर! माझ्या चपला?”

मास्तरांनी मागच्या रांगेकडे मान वळवली. दोनशे सत्तावीस. आकड्याचा रंग अजून ओला होता. त्याखाली तिच्या चपला, जशा काढल्या होत्या तशाच, एकीवर एक.

“कधी हलवल्यात?”

“तू तिकडे होतीस तेव्हा,” मास्तर म्हणाले. “दुखलं का?”