कढईच्या तळाशी उरलेली बासुंदी

"बासुंदी मी सांगेन त्या हिशेबानं वाढायची. शेवटी माझ्यासाठी किती उरेल, ते आधीच सांगायचं. नाही सांगता आलं, तर अख्खी कढई माझ्या महालात!"

चंदनगडच्या वीरकेसरी महाराजांनी असं फर्मावलं आणि शंभर माणसांची पंगत रिकाम्या द्रोणांकडे बघत बसली. उन्हाळाभर तळ्याचा बांध घालून दमलेली माणसं ती. बांध पुरा झाला की बासुंदी, हा शब्द खुद्द महाराजांचा. पण वेलदोड्याचा वास आला आणि शब्द डळमळला. बासुंदीपुढे या माणसाचं राजेपण पातळ व्हायचं, दुसरं काय!

"ऐका हिशेब," महाराज म्हणाले. "पहिल्याला भरल्या कढईतली अर्धी. दुसऱ्याला भरल्या कढईचा सहावा भाग, तिसऱ्याला बारावा, चौथ्याला विसावा. एक दुणे दोन, बे त्रिक सहा, तीन चोक बारा, चार पाचे वीस, असं शंभराव्यापर्यंत!"

पहिल्या पाटावर महाराजांचे मेहुणे अंबरराव होते. त्यांना हिशेब फारच पसंत पडला. शंभराव्या पाटावरच्या कोंडआजीनं कपाळाला हात लावला. "म्हणजे माझ्या वाट्याला नुसता वास."

"शंभर अपूर्णांक मिळवता मिळवता दिवाळी येईल," दिवाणजी कुरकुरले. त्यांचाही द्रोण रिकामाच होता.

"कशाला मिळवायचे?" आचाऱ्याची लेक राही हातातलं ओगराळं नाचवत पुढे आली. सकाळपासून दूध तिनंच आटवलं होतं. ते महालात जाऊ देते होय! "अवघड वाटा असला की त्याचे दोन सोपे करायचे. एक घ्यायचा, एक परत ओतायचा."

"म्हणजे कसं, पोरी?"

"पहिल्यानं अख्खी कढई घ्यायची आणि अर्धी परत ओतायची. दुसऱ्यानं ती अर्धी उचलायची आणि कढईचा तिसरा भाग परत ओतायचा."

"पण त्याला सहावा द्यायचाय!"

"कढईत बारा ओगराळी धरा, महाराज. अर्धी म्हणजे सहा, तिसरा भाग म्हणजे चार. सहातून चार गेली, राहिली दोन. बाराचा सहावा भाग झाला की नाही?"

महाराजांनी बोटांवर मोजलं. झाला होता.

"तिसऱ्यानं ती चार उचलायची, चौथा भाग म्हणजे तीन परत ओतायची. त्याला राहिलं एक, बारावा भाग. दुसऱ्यानंतर कढईत तिसरा भाग उरतो, तिसऱ्यानंतर चौथा. मग शंभराव्यानंतर?"

"एकशे एकावा," दिवाणजी पुटपुटले.

"आणि शुभ आकडा म्हणून माझ्या आबांनी कढईत मोजून एकशे एक ओगराळी केलीत. तुमच्यासाठी उरेल एक ओगराळं!"

"एक?" महाराजांचा चेहरा दह्यासारखा विरजला. "आणि आमच्या मेहुण्याला?"

"साडेपन्नास."

अंबरराव कमरेचा शेला सैल करत होते. महाराज ओरडले, "त्याला नको! तूच सांग, कसं वाढू?"

"एकेकाला एकेक ओगराळं. शंभर पंगतीला, एक तुम्हाला. तुमच्या हिशेबानं तुम्हाला एक, माझ्याही हिशेबानं एक. फरक पडला तर अंबररावांच्या पोटाला!"

महाराज इतके हसले की पगडी सुटून कोंडआजीच्या द्रोणात पडता पडता राहिली. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी राहीला दिलं आणि आजीशेजारीच पाट ओढून बसले. ओगराळं संपलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि कढईच्या तळाला लागलेली खरवड कुणाची गं?"

"आचाऱ्याची, महाराज. पण तिचा सहावा भाग तुम्हाला. बे त्रिक सहा!"